नाकपट्टीखाली दोन बोटं

१२ फेब्रुवारी

ति. ताईस,

नमस्कार. चाऱ्याच्या पेटीवर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. मी बरी आहे, आई बरी आहे, तिचा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतो. तुझी चौकशी करायला हॉस्पिटलात फोन केले, पण ते तुझ्या सासूबाई उचलतात. "ती झोपलीये," म्हणाल्या. आणि वर, "घोड्याचं नाव काढणार असशील तर ती उद्याही झोपलेलीच असेल." म्हणून हा पत्राचा खटाटोप. तुझ्या व्यायामाच्या बाई हे तुला हातात देतील. त्यांच्या खोलीत नातेवाइकांना सोडत नाहीत म्हणे. ज्याने कुणी तो नियम केला त्याचं भलं होवो.

ऑफिसातून रजा काढून मी इथे आलेय. भाऊजींना एकट्याने तबेला आणि घोडेस्वारीच्या शिकवण्या झेपायच्या नाहीत असं आईने ठरवलं, आणि आईने ठरवलं की आपण पिशवी भरायची. तुझं घर नीट आहे. कुंड्यांना पाणी घालते. भाऊजी जेवतात, पण जेवताना ताटाकडे बघत नाहीत. बोलणं "मीठ दे" एवढंच. कोच म्हणून रिंगणात उभे असतात तेव्हा मात्र आवाज पूर्वीसारखाच खणखणीत.

ढग्या तबेल्यात कोपऱ्यातल्या खणात आहे. त्याचं नाव काढलं म्हणून रागावू नकोस. दाराबाहेर क्लबच्या लोकांनी लाल पाटी लावलीये, 'जवळ जाऊ नये'. सगळे लांबून जातात, जणू आत वाघ आहे. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. तुला पाडलं त्या दिवसापासून तो असाच उभा राहतो, असं त्याला खरारा करणारे मोतद्दारमामा म्हणाले. क्लबच्या चिटणीस साहेबांनी सांगून टाकलंय की दुसऱ्या स्वाराखाली नीट चालला तर राहील. पुन्हा कुणाला पाडलं तर इंजेक्शन, कायमचं झोपवायचं. निरोप भाऊजींना दिला, माझ्यादेखत, चहा पीत.

बाकी विशेष नाही.

म्हणजे, एक-दोन गोष्टी आहेत. मी काही म्हणत नाहीये हं, नुसतं सांगतेय. ढग्या गवत चघळतो आणि अर्धवट चघळून त्याचा बोळा खाली टाकतो. खणात असे ओले बोळे पडलेले असतात. डावीकडून चावताना मान वाकडी करतो. पाणी पिताना आधी ओठ बुडवून थांबतो, थंड पाण्याला घाबरणाऱ्या माणसासारखा. आणि गालाला हात लावू देतो, कानामागे खाजवून घेतो, पण हात ओठाच्या कोपऱ्याकडे वळला की डोकं थेट छपराला.

आठवतं तुला, आपण क्लबच्या कठड्यावर बसायचो आणि तू मला घोड्यांचे पाय बघू द्यायची नाहीस? "पाय सगळेच बघतात. तू तोंड बघ." ओठ हलके मिटलेले, आत गोळी चघळल्यासारखी शांत हालचाल, ओठांवर फेसाची बारीक रेघ: तो घोडा मजेत आहे. दात करकरा घासतोय, ओठांचे कोपरे वर सुरकुतलेत, जीभ बाजूने बाहेर येतेय: तो ओरडतोय, फक्त आवाज नाही. हे सगळं तूच शिकवलंस. म्हणून विचारते, तू पडलीस त्यानंतर त्याच्या तोंडात कुणी बघितलं का?

आणि अजून एक. तुझा लगाम सामानाच्या खोलीत खुंटीला आहे. नाकावरून जबड्याखाली आवळायच्या नाकपट्टीला कारागिराने पाडलेली भोकं आहेत ती एका ओळीत. शेवटच्या भोकापुढे आणखी एक आहे, हाताने पाडलेलं, जरा तिरकं. नाकपट्टीखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, हा तुझा कायदा. त्या भोकात लावली तर पोस्टाचं तिकीटही सरकणार नाही. ते तू पाडलंस का?

उत्तर दिलंस तर बाईंकडेच दे.

तुझी,
धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. पेन धरायला त्रास होतो आणि तरी तू एवढं लिहिलंस, आणि लिहिलंस काय, तर "भोक मी पाडलेलं नाही. आणि त्याचा विषय नको. माझा हात जड झाला, मी त्याचं तोंड बिघडवलं, त्याने मला फेकलं. फिटंफाट."

मी ती सामानाच्या खोलीत उभ्याउभ्या वाचली आणि मग बसून वाचली. तुझा हात जड? शिकाऊ घोड्याचं तोंड खराब होऊ नये म्हणून लोक आधी तुला बसवायचे. कुणी घातलं हे तुझ्या डोक्यात? असो. या वाक्यावर मी नंतर येईन. आज येत नाही.

आधी बातम्या. आईने फोनवरून मला भाकरी कशी थापायची ते पुन्हा शिकवायचा प्रयत्न केला. अजूनही त्या नकाशासारख्या होतात. तुझ्या शिकवण्यांतली ती चष्मेवाली मुलगी विचारत होती तू कधी येणार. मी म्हटलं, चालायला लागली की धावतच येईल.

आता दुसरी बातमी. भाऊजी नवी स्वार बघायला बाहेरगावी गेले होते, तेव्हा मी डॉक्टरणीला बोलावलं. तीच नेहमीची, घोड्यांची, जिच्या गाडीत कायम सफरचंदं लोळत असतात. भाऊजींना न विचारता बोलावलं. हे मी मुद्दाम लिहितेय, नंतर कुणी सांगितलं तर तुला आश्चर्य वाटू नये.

तिने त्याला हलकी गुंगी दिली, कपाळाला दिवा बांधला आणि जीभ हातात धरून बाजूला ओढली. मी त्याचं डोकं धरून उभी होते. खालच्या जबड्यात, पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात त्यामधल्या मोकळ्या हिरडीवर, जिथे लगामाची कडी टेकते, तिथे डाव्या बाजूला नखाएवढी जखम आहे. कडा पांढऱ्या पडलेल्या, मध्ये कच्चं मांस. तिने बोट नुसतं जवळ नेलं तर गुंगीतही त्याचं सगळं अंग शहारलं. मग तिने फोटो काढला, हाडाचा. हाडालाच खडबडीत कंगोरा आलाय. हिरडी आतून त्यावर घासते आणि बाहेरून कडीवर. जात्यात सापडल्यासारखी.

"ओठ मिटलेले दिसतात म्हणून लोकांना वाटतं शांत आहे," ती म्हणाली. "पट्टीने तोंड बंद होतं. दुखणं होत नाही."

कडी लावायची नाही. निदान काही महिने. मग शस्त्रक्रिया करून कंगोरा घासून काढता येईल. तो बरा होईल, ताई. पुन्हा स्पर्धेत जाईलच असं नाही, पण गवत खाईल, पाणी पिईल, मान सरळ ठेवून उभा राहील.

जाता जाता ती आणखी काही बोलली. ते समोरासमोर सांगेन.

भाऊजी आले. मी त्यांना सांगितलं, डॉक्टरीण येऊन गेली. ते जोडे काढत होते, एक काढला आणि दुसरा काढायचा विसरले, तसेच एक जोडा घालून आत गेले. मग आमचं बोलणं झालं. बराच वेळ. तेही आज लिहीत नाही.

रविवारी ते तुला भेटायला येणार आहेत. ते काही सांगू लागले तर ऐकून घे. सासूबाईंना चहा आणायला खाली पाठव.

काळजी करू नकोस, असं लिहायची पद्धत आहे. मी लिहीत नाही.

तुझी,
धाकटी


११ मार्च

ताई,

आज नमस्कार-चमत्कार राहू दे. हे पत्र तू बसून वाच आणि वाचेपर्यंत बाईंना जवळ थांबव.

भाऊजींनी तुला सांगितलेलं नाही. पहिल्या रविवारी परत आले तेव्हा म्हणाले, झोपली होती. पुढच्या रविवारी म्हणाले, तुझ्या सासूबाई खोलीतून हलेचनात. मी त्यांना मुदत दिली होती कारण ते म्हणाले, "मला सांगू दे. माझ्या तोंडून जाऊ दे." मला ते पटलं. नवरा-बायकोच्या मध्ये मेहुणीने कशाला पडायचं? पण परवा तुझी दुसरी चिठ्ठी आली. "डॉक्टरणीला दिसली ती जखम म्हणजे माझीच करणी. मी आता कुठल्याच घोड्याला हात लावणार नाही." ती वाचली आणि कालचा दिवसही असा गेला, की आता गप्प बसणं म्हणजे तुला दुसऱ्यांदा पाडणं.

तर डॉक्टरीण जाता जाता काय म्हणाली ते ऐक. हात धूत होती. म्हणाली, "वाढलंय. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एवढं नव्हतं." मी विचारलं, पहिल्यांदा कधी? तर म्हणाली, "निवड चाचणीच्या आधी. कोचसाहेबांनीच दाखवलं होतं. मी सांगितलं होतं, कडी बंद करा, चाचणी सोडा. ते म्हणाले, बायकोशी बोलतो." मग माझा चेहरा बघून तिने नळ बंद केला. "बोलले नाहीत का?"

तू त्या आठवड्यात शिकवण्यांच्या मुलांना घेऊन शिबिराला गेली होतीस. ढग्याकडे भाऊजीच बघत होते. त्यांनीच जखम बघितली, त्यांनीच डॉक्टरणीला बोलावलं. आणि तू परत आलीस तेव्हा त्यांनी तुला सांगितलं की घोडा झकास आहे.

मी त्यांना विचारलं. तुझ्या स्वयंपाकघरात, एका पायात जोडा असलेल्या माणसाला. आधी म्हणाले, इतकं गंभीर वाटलं नव्हतं. मग म्हणाले, निवड तोंडावर आली होती. मी म्हटलं, "भाऊजी, ताईला एका शब्दाने सांगितलं असतं तर?"

"तर ती थांबली असती," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? म्हणूनच नाही सांगितलं. मला माहीत होतं ती थांबेल. एवढी वर्षं आम्ही त्या चाचणीची वाट बघत होतो, आणि ती एका मिनिटात खाली उतरून लगाम माझ्या हातात देऊन मोकळी झाली असती. तुला माहीत नाही का ती?"

माहीत आहे. मला तू माहीत आहेस, म्हणून तर मी ओट्याला धरून उभी होते.

भोक त्यांनीच पाडलं, हेही त्यांनीच सांगितलं. चाचणीच्या सकाळी. तोंड उघडलेलं दिसलं तर परीक्षक गुण कापतात, आणि दुखऱ्या तोंडाचा घोडा ते उघडणारच. तू कपडे बदलत होतीस. ओठाला गुलाबी फेस होता तो त्यांनी ओल्या फडक्याने पुसला, पट्टी नव्या भोकात आवळली आणि वरून ती मऊ लोकर गुंडाळली. तू बोटं घालून बघितलीस तर ती लोकरीत रुतावीत आणि पट्टी सैल वाटावी म्हणून. तू आलीस आणि विचारलंस, "पट्टी बघितलीस ना?" ते म्हणाले, "बघितली." तू त्यांच्यावर विश्वास ठेवलास आणि बसलीस. पुढचं तुला माहीत आहे. तोंड उघडायची वाट बंद, जीभ काढायची वाट बंद. उरली एकच वाट, वर. म्हणून तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि तोल जाऊन तुझ्यावर कोसळला.

तुझा हात जड झाला नव्हता, ताई. तू लगाम नुसता धरला होतास. नुसतं धरणंही त्याला सोसवत नव्हतं, आणि हे तुला कळू नये अशी व्यवस्था केलेली होती. तुझ्या उशाशी बसून भाऊजींनी तुझ्या तोंडून "माझा हात जड झाला" हे ऐकलं, आणि ऐकून घेतलं. बाकी सगळं मी एकवेळ गिळेन. हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

आता कालचं.

मला वाटलं होतं, डॉक्टरणीचं ऐकल्यावर तरी नव्या स्वाराचं प्रकरण मिटेल. पण चिटणीसांनी तारीख दिली होती आणि भाऊजींनी ती मोडली नाही. मी म्हटलं, "चिटणीसांना सांगा ना, याचं तोंड दुखतंय, हा माथेफिरू नाही." घोड्याचा जीव वाचवायला हे एक वाक्य पुरलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, कधीपासून दुखतंय? त्या प्रश्नाला घाबरून हा माणूस त्याच जखमेवर पुन्हा कडी चढवायला निघाला. मला म्हणाले, "मऊ रबराची कडी लावतोय. थोडंसं चालवायचं, चिटणीस बघतील, पाटी निघेल, मग त्याला आराम. मी त्याला वाचवतोय." आणि मला वाटतं, बोलताना त्यांचा स्वतःचा यावर विश्वास होता.

दुपारी रिंगणाभोवती क्लबची मंडळी जमली. चिटणीस साहेब घडीच्या खुर्चीत. नवी स्वार चांगली मुलगी आहे गं, तुझ्याबद्दल आदराने बोलत होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी कठड्याशी उभी राहिले आणि तू शिकवलंस तसं पाय सोडून तोंड बघितलं.

चालताना ठीक होता. ओठ मिटलेले. फेस नाही, तोंड कोरडं. मग दुडकी सुरू झाली आणि मुलीने लगाम जरासा आखडला. ओठाचा डावा कोपरा वर चढला. नाकपुडीवर सुरकुती पडली. दात घासल्याचा आवाज मला कठड्यापर्यंत आला, पाटीवर खडू ओढावा तसा. शेपटी फटाफटा. कुणीतरी मागून म्हणालं, "छान आवरलाय." आवरलाय! तेवढ्यात तो थांबला आणि दोन पावलं मागे गेला. पुढचे पाय हलके झाले. चिटणीस खुर्चीतून उठले. मुलीने, कुणीही केलं असतं तसंच, टाच लावली.

मी कठड्याखालून आत घुसले. कशी, ते आठवत नाही, कोपर सोलवटलंय. भाऊजी ओरडले, "धाकटे, मागे हो!" मी सरळ त्याच्या डोक्याशी गेले, लगाम धरला नाही, गालपट्टा धरला, आणि मुलीला म्हटलं, "लगाम सोड. सगळा सोड. आणि उतर." तिने माझ्याकडे बघितलं, मग भाऊजींकडे. ढग्या थरथरत होता, मला त्याच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. तो वर गेला असता तर मी त्याच्या खुरांखाली होते. आईला हे सांगू नकोस.

मी मोठ्याने बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "याच्या जबड्याला जखम आहे. डॉक्टरांनी कडी बंद करायला सांगितलंय. यांना माहीत आहे."

मी भाऊजींकडे बघत होते. ताई, मला वाटलं ते नाकारतील. म्हणतील, मेहुणी आहे, बहिणीच्या दुखण्याने हळवी झालीये. लोकांनी मान्यही केलं असतं. ते चालत आले. हळू, पाय ओढत. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ढग्याच्या नाकपट्टीचा पट्टा सोडवला. तो इतका आवळलेला होता की सुटताना आधी आणखी ओढावा लागला. तोंड उघडलं आणि आत दाबून धरलेली लाळ भाऊजींच्या हातावर आली. गुलाबी होती. ते हाताकडे बघत राहिले. मग मुलीला म्हणाले, "उतर, बाळ."

आणि चिटणीसांना, मान वर न करता, "ही खरं बोलतेय. चाचणीच्या आधीपासून मला माहीत होतं."

लाल पाटी संध्याकाळी निघाली. भाऊजींना शिकवण्या बंद ठेवायला सांगितलंय. क्लबची बैठक होईल, काय ते ठरेल. ढग्याच्या तोंडात आता काही नाही. नुसती दोरी बांधून मी त्याला आज सकाळी मागच्या मोकळ्या जागेत नेलं. अजून बोळे टाकतो, अजून मान वाकडी करतो, काही लगेच जादू झालेली नाही. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात.

भाऊजी आज दुपारच्या गाडीने तुझ्याकडे निघालेत. पिशवी भरत होते तेव्हा मी सांगितलं की मी ताईला लिहितेय, सगळं. मला वाटलं चिडतील, किंवा हात जोडतील. म्हणाले, "लिही. फक्त, चुकून झालं असं लिहू नकोस. तू चांगली आहेस, तू तसं लिहिशील. मी ठरवून केलं." मी म्हटलं, तुम्ही स्वतःच सांगा ना हे. तर म्हणाले, "सांगणारच आहे. पण दारात गेल्यावर माझा भरवसा नाही."

म्हणून हे पत्र मी पोस्टात न टाकता आज त्या चष्मेवाल्या मुलीच्या वडिलांबरोबर, बाईंच्याच हातात द्यायला सांगून पाठवतेय, ते गाडीने तिकडेच चाललेत. ते आधी पोचतील की भाऊजी, सांगता येत नाही. भाऊजी आधी आले आणि बोलायला लागले तर मध्ये तोडू नकोस, पूर्ण बोलू दे. आणि आले, पाणी प्यायले, हवापाण्याच्या गप्पा मारून उठायला लागले, तर हे उशीखालून काढ आणि त्यांच्यासमोर वाच.

मला त्यांचा राग येतो. आणि ते पट्टा सोडवत होते तेव्हाचा त्यांचा हात बघून मला रडूही आलं. या दोन्हीचं काय करायचं ते मला कळत नाही, आणि ते तुझ्या डोक्यावर टाकायचंही नाही. तू त्यांना माफ कर असं मी सांगणार नाही. करू नकोस असंही नाही. तुझं हाड मोडलंय, तुझा संसार आहे. फक्त जे ठरवशील ते खरं माहीत असताना ठरव.

इथल्या खालच्या खोलीत तुझा पलंग आणून लावलाय, म्हणजे जिना नको. आणि आईकडची रस्त्याकडची खोलीही झाडून घ्यायला सांगितलीये. ती कुणासाठी ते आईने विचारलं नाही, नुसती खिडकी पुसायला घेतली असणार. डॉक्टर सोडतील त्या दिवशी मी गाडी घेऊन दाराशी उभी असेन. कुठे वळायचं ते तू सांगायचंस.

दोन्हीकडे दार उघडं ठेवून वाट बघणारी,
तुझी,
आणि या बाबतीत फक्त तुझीच,
धाकटी